बॅगा भरायचा दिवस

सहल कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत परदेशवारीच्या प्रत्येक दिवसाला एक परिच्छेद मिळतो. युनिव्हर्सल स्टुडिओला अर्धं पान, नाइट सफारीला फोटोसकट चौकट. शेवटच्या दिवसाच्या वाट्याला मात्र एकच ओळ येते: सकाळी नाश्ता, हॉटेल सोडून विमानतळाकडे प्रयाण, गोड आठवणींसह मायदेशी. या ओळीत जे कोंबलेलं असतं ते भल्या पहाटे सुरू होतं आणि घराचं कुलूप उघडलं तरी संपत नाही. आधीच्या सगळ्या दिवसांत सहल आपली असते. आपण पाहतो, आपण खातो, आपले पाय दुखतात. शेवटच्या दिवशी मात्र ती हळूच हातातून निसटते आणि जे आलेच नाहीत त्यांची होते. जाऊबाई, व्याही, शाळेतल्या मैत्रिणी, चौथ्या मजल्यावरचे काका, धुण्याभांड्याच्या मावशी, हे सगळे त्या सकाळी हॉटेलच्या खोलीत आपल्यासोबत असतात.

आम्ही नाशिकहून सिंगापूरला गेलो होतो ते मे महिन्यात. सासूबाई, नवरा, आठवीतली लेक आणि मी. परतीचं विमान संध्याकाळचं, खोली सोडायची दुपारी बाराला. उतरलो होतो लिटल इंडियात. भारतातून येणारी बरीच कुटुंबं तिथेच उतरतात आणि कारण सरळ आहे, जेवण. सेरंगून रोडवर 1947 पासून चालू असलेलं कोमला विलास आहे, वाफाळती इडली आहे, केळीच्या पानावरचा भात आहे. गल्लीच्या तोंडाशी मोगऱ्याचे गजरे विकणाऱ्या बायका बसतात. या भागात एके काळी गुरांचा मोठा व्यापार होता. तो उठून गेला, पण बफेलो रोड हे नाव राहिलं. सेरंगून रोडवरच्याच वीरमाकालीअम्मन देवळात सकाळी आरतीच्या वेळी ऑफिसला निघालेली माणसं बूट काढून दोन मिनिटं उभी राहतात. 2024 मध्ये सुमारे 12 लाख भारतीय सिंगापूरला गेले. चीन आणि इंडोनेशियाच्या खालोखाल आपणच. त्यातल्या निम्म्यांनी तरी निघायच्या दिवशी या रस्त्यावर पिशव्या वाहिल्या असणार, असा माझा आपला अंदाज.

या पिशव्यांचं उगमस्थान म्हणजे मुस्तफा सेंटर. सय्यद अलवी रोडवरच्या या दुकानाचं नाव नाशिकमध्ये आम्हाला इतक्या जणांनी सांगितलं होतं की मर्लायन पाहिला नाही तरी चालेल, पण मुस्तफा चुकवू नका, असा एकंदर सूर होता. 1971 मध्ये कॅम्पबेल लेनवरच्या एका छोट्या कापडदुकानातून याची सुरुवात झाली. चालवणारं कुटुंब मूळचं उत्तर प्रदेशातलं. महामारीच्या आधी हे दुकान चोवीस तास उघडं असे. रात्री दोनला टूथपेस्ट घ्यायला माणसं जात, आणि टूथपेस्टसोबत घड्याळ, सुटकेस आणि पाच किलो तांदूळ घेऊन परत येत. आता रात्री बंद होतं. गर्दी मात्र होती तशीच आहे.

आत शिरलं की दिशा हरवते. दोन कपाटांमधून एका वेळी एकच माणूस जाऊ शकेल एवढी वाट, आणि समोरून येणारी बाई हटकून आपल्यासारखीच, हातात यादी घेतलेली. एका मजल्यावर सोनं, दुसऱ्यावर औषधं आणि अत्तरं, कुठे जपानी कॅल्क्युलेटर, कुठे तुर्की खजूर, आणि मग चॉकलेटांचा तो प्रसिद्ध विभाग. तिथे चॉकलेट नगावर विकायचं असतं हे कोणाच्या गावीही नसतं. किलोकिलोच्या पिशव्या. ‘हे स्वस्त आहे की ते?’ हा प्रश्न मराठी, गुजराती, तमिळ, बंगाली आणि तेलुगूत एकाच वेळी चाललेला असतो. मोबाइलवर डॉलरचे रुपये करून पाहिले की बहुतेकदा कळतं, तीच गोष्ट नाशिकला कॉलेज रोडच्या सुपरमार्केटमध्ये जवळपास त्याच भावाला मिळते. हे कळूनही कोणी पिशवी खाली ठेवत नाही. बाहेर पडताना दारात उभी असलेली माणसं प्रत्येक पिशवीचं तोंड प्लॅस्टिकच्या पट्टीने करकचून बांधून टाकतात. हॉटेलवर आल्यावर ती सोडवायला कात्री लागते, आणि कात्री मोठ्या बॅगेच्या तळाशी गेलेली असते.

सासूबाईंची यादी त्यांच्या छोट्या डायरीच्या मागच्या पानावर होती. वस्तूंची यादी नव्हती ती, माणसांची होती. डाव्या बाजूला नावं, उजवी बाजू कोरी. दोन जावा. नणंद. विहीणबाई, त्यांच्यासमोर दोनदा अधोरेखित. डॉक्टरीण बाई, कारण निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी गुडघ्याच्या गोळ्यांचे पैसे घेतले नव्हते. खालच्या ओळीत नुसतं ‘भजनी मंडळ, 14’. सगळ्यात शेवटी, वेगळ्या शाईत, एक नाव होतं ते एका दूरच्या भाचेसुनेचं. तिने लग्नात मानपान नीट केला नाही म्हणून वर्षभर अबोला होता. ते नाव तिथे का, हे मी विचारलं नाही.

चौदा जणींसाठी काय घ्यायचं याचं उत्तर औषधांच्या मजल्यावर मिळालं. कुऱ्हाडीच्या छापाचं हिरवं तेल, म्हणजे ॲक्स ऑइल, हे मूळचं सिंगापूरचंच, 1928 पासूनचं. एवढुशी बाटली, खिशात मावणारी, डोकेदुखीपासून गाडी लागण्यापर्यंत सगळ्यावर चालणारी. हजयात्रेकरूंमधून आणि आखातातल्या कामगारांकडून ते केरळात, तमिळनाडूत घरोघरी पोहोचलं. शेजारच्या फळीवर टायगर बाम. त्याची कहाणी रंगूनमध्ये सुरू होते. आव कुटुंबातल्या वैद्य बापाने तिथे औषधाचं दुकान काढलं आणि पुढे मुलांनी 1920च्या दशकात कारभार सिंगापूरला आणला. मुलांची नावं बून हॉ आणि बून पार. हॉ म्हणजे वाघ, पार म्हणजे बिबट्या. डबीवर वाघ उडी मारतो आहे तो थोरल्या भावाचा. लेकीने हे फोनवर वाचून आजीला सांगितलं. आजी म्हणाली, ‘म्हणजे आपल्या मातोश्री मसाल्यासारखं, घरातलंच नाव.’ बाटल्या घेतल्या त्या तेलाच्या, कारण बामची डबी जड.

जड हा शब्द त्या दिवशी मी इतक्या तोंडून ऐकला की तो सहलीचा परवलीचा शब्द वाटायला लागला. मुस्तफाच्या जिन्यावर पुण्याच्या एका मोठ्या ग्रुपचा मॅनेजर भेटला. वयाने तिशीचा, गळ्यात ओळखपत्र, हातात कोणाची तरी पर्स. त्याच्याकडून जे कळलं ते मला खरं वाटतं: पर्यटक रुसतात पहिल्या दिवशी, खोली आवडली नाही म्हणून, आजारी पडतात मधल्या दिवशी, पण नवरा-बायकोची खरी भांडणं शेवटच्या दिवशी होतात, आणि विषय नेहमी एकच असतो, कोणाच्या माहेरच्यांसाठी किती. म्हणून तो शेवटच्या सकाळी बसमध्ये मुद्दाम अंताक्षरी ठेवत नाही. लोकांचं लक्षच नसतं.

या खरेदीला हव्यास म्हणून हसणं सोपं आहे. आमच्या पिढीने ते पुष्कळ केलंही. परदेशी जाऊन काय आणायचं तर चॉकलेटं, वगैरे. पण सासूबाईंच्या आजेसासूबाई काशीला जाऊन आल्या होत्या, आगगाडीने, पंचवटीतल्या दहा-बारा जणांबरोबर. त्या काय घेऊन आल्या हे घरात अजून सांगतात: गंगेचे मेणाने बंद केलेले गडू आणि काशीच्या काळ्या दोऱ्यांची गुंडी. दोरे गल्लीतल्या प्रत्येक लेकराच्या मनगटात बांधले गेले. मग मावंदं झालं. सगळ्या आळीला जेवण, गडूंची पूजा, गंगेचं तीर्थ. मावंदं होईपर्यंत यात्रा पुरी झाली असं कोणी मानत नसे. पंढरपूरहून आलेला माणूस चुरमुरे, बत्तासे आणि बुक्का वाटल्याशिवाय घरात स्वस्थ बसत नाही ते त्याच हिशेबाने. यात्रेला एक जण जातो, पण त्याला तिकडे पाठवतात बाकीचे. ज्यांनी मागे राहून गाईचं दूध काढलं, म्हातारीचं औषध पाहिलं, त्यांचा वाटा परत येतो. आमच्या कुंड्यांना पाणी घालणारी चौथ्या मजल्यावरची मुलगी आणि गाईचं दूध काढणारी ती कोणी, यांच्यात मला तरी फारसा फरक दिसत नाही. तिला चुरमुऱ्यांऐवजी मर्लायनची किल्लीसाखळी मिळाली एवढंच.

मधल्या काळात या वाट्याचं रूप फार बदललं होतं, ते आमच्या शेजारच्या काकांना चांगलं माहीत आहे. ते मुंबई विमानतळावर कस्टममध्ये होते, आता निवृत्त. सत्तर-ऐंशीच्या दशकांत सिंगापूरहून येणारी बॅग उघडली की आत टू-इन-वन, घड्याळं, नायलॉनच्या साड्या आणि नशीब असेल तर व्हीसीआर निघे. आयात जवळपास बंद, जकात भरमसाट, आणि परकीय चलन हातात पडायचं तेही मोजून मापून. त्यामुळे जो एकदा बाहेर जाई तो सगळ्या नातेवाइकांच्या वाटची खरेदी करून येई. काकांच्या आठवणीत आहेत ते साड्यांच्या घड्यांत गुंडाळलेले कॅमेरे आणि बॅग तपासून झाल्यावर तिच्यावर मारलेली खडूची खूण. 1991 च्या उदारीकरणानंतर हे सगळं विरत गेलं. 2004 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या योजनेने माणशी 25 हजार डॉलर बाहेर नेण्याची मुभा दिली, 2015 पासून ती अडीच लाख डॉलर झाली. बाहेरची वस्तू नाशिकच्या दुकानातच आली. 2013 च्या ऑगस्टमध्ये रुपया घसरत असताना सरकारने फ्लॅट टीव्ही जकातीच्या सवलतीतून काढून टाकला, तेव्हा पेट्यांच्या पेट्या घेऊन येणाऱ्या कुटुंबांचा शेवटचा जथाही ओसरला. सोन्याचंही तेच. 2024 च्या जुलैत सोन्यावरचं आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आलं आणि बाहेरून बांगडी आणण्यात पूर्वीसारखा राम उरला नाही.

कस्टमच्या नियमांतली एक गोष्ट मात्र अजून लोकांच्या पचनी पडलेली नाही. सामानाच्या किमतीवर प्रत्येक प्रवाशाला ठरावीक सवलत असते. 2014 मध्ये ती 35 हजारांची 45 हजार झाली, 2016 च्या नियमांत 50 हजार, असा आकडा सरकत राहतो. पण ती ज्याची त्याची असते. चौघांच्या सवलतींची बेरीज करून एकाच्या बॅगेत महागाचा कॅमेरा आणता येत नाही, भले चौघे एकाच घरात राहत असोत. काकांच्या मते कस्टमच्या लाल आणि हिरव्या वाटेवर सगळ्यात जास्त हुज्जत याच कलमावर होई. एकत्र कुटुंबाला कायद्याने वेगळं केलेलं माणसाला मुळात आवडतच नाही.

आम्ही दोघी मुस्तफात असताना नवरा आणि लेक मध्येच सटकले होते. मला आधी राग आला. नंतर कळलं की ते सिटी हॉल स्टेशनला उतरून पाडांगच्या मैदानापलीकडे एस्प्लनेड पार्कात गेले होते. तिथे आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची खूण आहे. मूळ स्मारकाची पायाभरणी सुभाषबाबूंनी जुलै 1945 मध्ये केली. सप्टेंबरमध्ये इंग्रज परत आले आणि त्यांनी ते उडवून दिलं. सध्याची खूण 1995 ची. याच शहरात 1943 मध्ये त्या सेनेची फेरबांधणी झाली तेव्हा लष्करी कारभार होता सावंतवाडीजवळच्या तिरोड्याच्या जगन्नाथराव भोसल्यांकडे. पुढे ते दिल्लीत पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. त्या सैनिकांचा परतीचा प्रवास कैदी म्हणून झाला. पाडांगच्या मागे दिसणारं पांढरं सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल भारतातून काळ्या पाण्यावर आणलेल्या कैद्यांच्या हातांनी उभं राहिलं. 1825 पासून पुढे जवळपास पन्नास वर्षं ही माणसं इथे येत राहिली आणि शिक्षा संपल्यावरही अनेक जण इथेच राहिले. लेक परत आली ती हे सगळं एका दमात सांगत. तिच्या हातात पिशवी नव्हती. मैत्रिणींसाठी काय घेतलंस असं आजीने विचारलं तर म्हणाली, फोटो. आजीने माझ्याकडे पाहिलं आणि डायरीत दोन नावं वाढवली.

खोली सोडायला तासभर उरला तेव्हा जमिनीवर बॅगा उघडल्या. प्रत्येक कुटुंबात बॅग भरणारं एक माणूस असतं आणि बाकीच्यांनी त्याच्या मध्ये यायचं नसतं. आमच्याकडे ते काम नवऱ्याचं. बुटांत मोजे, मोज्यांत तेलाच्या बाटल्या, टॉवेलमध्ये किल्लीसाखळ्या. हुकाला टांगायचा छोटा वजनकाटा आम्ही बरोबर नेला होता. तो घेऊन खुर्चीवर उभं राहून बॅग उचलायची आणि दुसऱ्याने आकडा वाचायचा. आकडा नेहमी दीड किलोने जास्त येतो. मग काय निघतं ते पाहण्यासारखं असतं: आधी माहितीपत्रकं, मग हॉटेलातल्या साबणवड्या, मग घरून आणलेला उरलेला चिवडा आणि खाकरे. येताना सगळ्यात मौल्यवान असलेला फराळ जाताना पहिला बाहेर पडतो. चिवडा तिथेच बसून खाल्ला. लिंबाच्या लोणच्याची अर्धी बरणी सासूबाईंनी सोडली नाही. ‘टाकायचं कशाला? हातात घेते.’

चांगी विमानतळावर निघताना लोक साधारण चार तास आधी जातात आणि त्यात भीती कमी, हौस जास्त असते. 1981 मध्ये बऱ्याच अंशी समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर हा विमानतळ सुरू झाला. 2019 मध्ये त्याला ज्युएल नावाचा काचेचा घुमट जोडला गेला, वास्तुकार मोशे सफदी. आत 40 मीटर उंचीवरून पाणी कोसळतं, भोवती झाडांचे मजले. पावसाचं साठवलेलं पाणी त्यासाठी वापरतात. सहलीतलं शेवटचं प्रेक्षणीय स्थळ विमानतळातच असावं ही सोय मला फार हुशारीची वाटली. वेळेवर येण्याचं बक्षीसच दिलेलं आहे.

पण मराठी पर्यटकाला तो धबधबा पाहताना मनःशांती नसते, कारण त्याच्या खिशात जीएसटीच्या पावत्या असतात. सिंगापूरचा जीएसटी 2024 च्या सुरुवातीपासून 9 टक्के आहे. पर्यटकाने सहभागी दुकानात किमान शंभर डॉलरची खरेदी केली, त्या वेळी पासपोर्ट दाखवला, आणि वस्तू देशाबाहेर नेली, तर कर परत मिळतो, हाताळणीचा खर्च कापून. यंत्रासमोर पासपोर्ट ठेवायचा, व्यवहार पडद्यावर येतात, कार्डावर पैसे. सामान मोठ्या बॅगेत घालायचं असेल तर हे बॅग देण्याआधी करायचं, कारण कस्टमचा माणूस वस्तू बघायला मागू शकतो. हे शेवटचं वाक्य ज्यांनी वाचलेलं नसतं ते बॅगा गेल्यावर पावत्या घेऊन धावतात. आमच्यासमोर बडोद्याचं एक कुटुंब असंच धावलं. परत मिळणारी रक्कम बहुधा विमानतळावरच्या कॉफी-केकमध्ये संपते, तरीही ती मिळाल्यावर माणसाचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा होतो. कराचा परतावा म्हणजे सरकारकडून पैसे, आणि तेही परदेशी सरकारकडून, हा आनंद वेगळा.

बॅग देण्याच्या ठिकाणी जी दृश्यं दिसतात त्यांच्यासाठी मी परत जाईन. काट्यावर लाल आकडा, मागे रांग, आणि बॅग बाजूला ओढून फरशीवर उघडलेली. त्यात माणसाचं सगळं खासगी बाहेर येतं: नऊवारी, परकर, बीपीच्या गोळ्या, नव्या बाहुलीचा डबा. एक आजोबा उन्हाळ्यात दोन शर्टांवर जाकीट चढवत होते, कारण अंगावरच्या कपड्यांचं वजन कोणी करत नाही. एक बाई तीन साड्या हातातल्या पर्समध्ये सरकवत होती आणि तिचा मुलगा ‘मम्मी, बस’ म्हणत दुसरीकडे पाहत होता. काउंटरवरची मुलगी हे रोज पाहत असणार. कुठलीही एक बॅग 32 किलोच्या वर घेतच नाहीत, पैसे भरले तरी. ती उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीसाठी तो नियम आहे. आमची 22.9 भरली. नवरा दिवसभरात पहिल्यांदा हसला.

लोणच्याचा निकाल गेटपाशी लागला. 2006 मध्ये लंडनहून निघणाऱ्या विमानांत द्रव स्फोटकं नेण्याचा कट उघडकीला आला, तेव्हापासून बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरपेक्षा मोठ्या भांड्यातलं काहीही पातळ चालत नाही. लोणचं पातळात धरलं जातं. चांगीच्या बहुतेक टर्मिनलवर ही तपासणी थेट गेटच्या तोंडाशी असते, त्यामुळे तिथवर बरणी निर्धास्त पोहोचली. लेकीने नियम सांगितला. सासूबाईंनी तो ऐकला, मग पिशवीतून उरलेले खाकरे काढले आणि आम्ही चौघांनी, शेजारच्या खुर्चीवरच्या जळगावच्या जोडप्यासह, बरणी चाटूनपुसून संपवली. जळगावकरांनी शेवटचा मसाला बोटाने काढला. रिकामी बरणी सुरक्षेतून रीतसर पुढे गेली.

याआधी एक गोष्ट घडली होती ती सासूबाईंना लागली. सिंगापूर सोडताना परदेशी माणसाला आता पासपोर्ट दाखवावा लागत नाही. चेहरा आणि डोळे ओळखून दरवाजा उघडतो. आत येतानाही शिक्का मारत नाहीत. मुक्कामाचा परवाना ईमेलवर येतो. भारतीयांना लागणारा व्हिसासुद्धा कागदावर छापून नेण्याचा, पासपोर्टात चिकटवलेला नसतो. म्हणजे त्यांच्या पहिल्यावहिल्या पासपोर्टात सिंगापूरला गेल्याचा एकही पुरावा नाही. आहेत ते दोनच शिक्के, दोन्ही मुंबईचे: गेल्या आणि आल्या. मंडळात दाखवायला त्यांनी पासपोर्ट वेगळ्या कप्प्यात जपून ठेवला होता. विमानात बसल्यावर त्या एकदाच म्हणाल्या, ‘एवढं पुढारलेलं गाव, एक शिक्का मारायला काय झालं?’

सिंगापूर ते मुंबई सुमारे 3,900 किलोमीटर, साडेपाच तासांच्या आसपास. मलाक्काची सामुद्रधुनी, अंदमानचा समुद्र, बंगालचा उपसागर, मग दख्खन. जाताना गमावलेले अडीच तास येताना परत मिळतात. (1981 अखेरपर्यंत हा फरक दोनच तासांचा होता. 1 जानेवारी 1982 ला मलेशियाबरोबर सिंगापूरनेही घड्याळ अर्धा तास पुढे नेलं.) परतीच्या विमानात जाण्याच्या वेळचा उत्साह नसतो. खिडकीसाठी कोणी भांडत नाही. फोटो पाहून पुसण्याचं काम चालतं, कोणी खर्चाची बेरीज करतं. पूर्वी या वेळी एक संवाद हमखास होई: ‘पेन आहे का हो तुमच्याकडे?’ उतरण्याआधी भरायचे फॉर्म वाटले जात आणि दीडशे माणसांत चार पेनं फिरत. भारतीय नागरिकांसाठी आगमनाचा फॉर्म 2014 मध्ये गेला, आणि ज्यांच्याकडे जाहीर करण्यासारखं काही नाही त्यांचा कस्टमचा फॉर्म 2016 मध्ये. पेनासोबत विमानातल्या पुष्कळ ओळखीही गेल्या.

मुंबईत उतरल्यावर टर्मिनल दोनच्या लांबच लांब गालिच्यांवरून चालताना पहिलं मराठी ऐकू आलं ते व्हीलचेअरवाल्या मुलाचं. ‘मावशी, पाय वर घ्या.’ गुडघ्यांमुळे आम्ही खुर्ची सांगून ठेवली होती. दाराशी खुर्च्यांची रांग होती आणि तिच्यात असे कितीतरी ज्येष्ठ बसले की जे आदल्या दिवशी सेंटोसाच्या टेकड्या चढले असतील. मुलगा नाशिकरोडचा निघाला. मग रांगेत न थांबता आम्ही कुठल्या कुठे पुढे गेलो, आणि तोवर त्याच्या घरची सगळी माहिती सासूबाईंकडे जमा झाली होती.

पट्ट्यावर बॅगा यायला वेळ लागला. तोवर अर्धं विमान ड्युटी फ्री दुकानात माणशी दोन लिटरचा हक्क वसूल करत होतं. हिरव्या वाटेवर आमच्या बॅगा एक्स-रेतून गेल्या, कोणी हात लावला नाही, काही विचारलं नाही. सासूबाईंना याचंही थोडं वाईट वाटलं असावं. चौदा तेलाच्या बाटल्यांचं उत्तर त्यांनी विमानात तयार करून ठेवलं होतं.

बाहेर नाशिकचा ड्रायव्हर उभा. पूर्वी हा प्रवास म्हणजे कसारा घाटातले ट्रक आणि इगतपुरीचा चहा. जून 2025 पासून समृद्धी महामार्गाचा शेवटचा तुकडा खुला झाला आहे, भिवंडीजवळच्या आमणेपासून इगतपुरीपर्यंत. जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे आणि घाट कधी चढलो ते कळतच नाही. मला तो घाट लागत नाही याची रुखरुख वाटते, पण रात्री एक वाजता नाही. घरी पोहोचलो तेव्हा दूधवाला यायला फार वेळ नव्हता.

वाटपाला चार दिवस लागले. विहीणबाईंकडे सासूबाई स्वतः गेल्या. भाचेसुनेकडे चॉकलेटांची पिशवी लेकीच्या हाती गेली आणि परत येताना त्याच पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या आल्या. मावशींना द्यायचं विसरलं नाही, पण त्यांनी किल्लीसाखळी पाहून विचारलं, ‘कुठली किल्ली लावू?’ आणि मग मी स्वतःसाठी आणलेली पर्स त्यांच्यासाठी निघाली. भजनी मंडळात बाटल्या एकादशीला वाटल्या. उघडून वास घेण्यात अर्धा तास गेला. एक काकू बाटली उलटसुलट करत म्हणाल्या, ‘अगं, हे आपल्या मेनरोडवरच्या मेडिकलमध्ये मिळतं की.’

‘मिळत असेल,’ सासूबाई म्हणाल्या. ‘घेतलंस का कधी?’

काकूंनी घेतलं नव्हतं. त्यांनी दोन थेंब गुडघ्याला चोळले, मग शेजारणीनेही चोळले, आणि सिंगापूर मागे पडून चर्चा गुडघे बदलण्याच्या ऑपरेशनला कोणत्या डॉक्टरांकडे किती खर्च येतो यावर गेली.